घरचं मशीन, न येणारा मेकॅनिक आणि गोधडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला शिवण येतं हे कळलं की लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. निम्मे प्रश्न मशीनचे असतात, उरलेल्यांतले बरेचसे मेकॅनिकचे, आणि थंडी जवळ आली की गोधडीचे. घरोघरी अजून पायाने चालवायचं काळं लोखंडी मशीन आहे, म्हणून उत्तरं त्याला धरून आहेत. मोटरवाल्या पांढऱ्या मशीनचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

टीप वरून छान दिसते, पण कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचा नुसता गुंता. बॉबिनची, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची, डबी बदलायला झाली का?

बहुतेक वेळा नाही. खालचा गुंता हा वरच्या दोऱ्याचा दोष असतो. हे पटत नाही, म्हणूनच लोक डब्यांवर डब्या विकत घेतात. वरच्या दोऱ्याला ताण मिळाला नाही की शटल, म्हणजे बॉबिनच्या डबीभोवती फिरणारा भाग, तो हवा तेवढा खाली ओढून घेतं आणि त्याची वेटोळी कापडाखाली साठतात.

ताण का मिळत नाही? दोरा ओवताना कापड दाबणारा पाय खाली असतो म्हणून. पाय खाली असला की टेन्शनच्या दोन्ही चकत्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मधे न जाता वरच्या वर घसरतो. दोरा पूर्ण काढा, पाय वर करा, रिळापासून सुईपर्यंत पुन्हा ओवा. आता पाय खाली करून दोरा ओढून पाहा. हाताला विरोध जाणवला पाहिजे. पाय वर केला की तोच दोरा सहज यायला हवा. एवढ्यावर दहातली बरीच मशीनं सुधारतात.

तरीही गुंता होत असेल तर मग डबीकडे वळा. बॉबिन घालून डबी दोऱ्याला लटकवा. ती आपोआप सरसर खाली आली तर सैल आहे. हलका झटका दिल्यावर दोन-तीन बोटं उतरून थांबली तर ठीक आहे. झटका देऊनही जागची हलली नाही तर घट्ट आहे. डबीच्या पोटावरच्या पट्टीला एक बारीक स्क्रू असतो, तो पाव फेरा इकडे किंवा तिकडे. हे काम ताटात धरून करा. तो स्क्रू तिळाएवढा असतो आणि फरशीवर पडला की पलंगाखालीच जातो.

टाके सुटतात. मेकॅनिक म्हणाला, “टायमिंग गेलंय.”

टायमिंग म्हणजे सुई आणि शटल यांचा मेळ. तो जातो, नाही असं नाही. सुई जाड शिवणीवर आपटून मोडली आणि शटलला धक्का बसला तर जातं. पण धड चालणारं मशीन एका रात्रीत टायमिंग सोडत नाही. आधी सुई बदला. नवी, चांगल्या कंपनीची, पाकिटातली.

सुई बसवतानाही चूक होते. घरगुती सुईच्या दांड्याला एक बाजू सपाट असते आणि तिच्या समोरच्या बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. दोरा ज्या बाजूने ओवता त्या बाजूला ही खाच यायला हवी, म्हणजे सपाट बाजू आपोआप पलीकडे जाते. मोटरवाल्या मशीनमध्ये बहुधा समोरून ओवतात, म्हणून तिथे सपाट बाजू मागे. काळ्या मशीनमध्ये बाजूने ओवतात. सुई वर टेकेपर्यंत ढकलूनच स्क्रू आवळा. दोन मिलिमीटर खाली राहिली तरी टाका सुटतो.

दुकानात मागताना “घरच्या मशीनची, चपट्या दांड्याची” असं सांगा. कारखान्यातल्या मोठ्या मशीनची सुई गोल दांड्याची असते. गर्दीत दुकानदार तीही हातात देतो.

आणि कापड लेगिंग्ज किंवा टी-शर्टचं असेल तर साधी सुई टाका सोडणारच. त्याला गोल टोकाची, स्ट्रेचची सुई लागते. त्यासाठी मेकॅनिकला बोलावू नका.

सुईचा नंबर कसा ठरवायचा आणि ती किती दिवस चालते?

मलमल, व्हॉइल, पातळ रुबिया ११ नंबर. रोजचं सुती कापड, सलवार, उशीचे अभ्रे १४. जीन्स, पिशव्या, गोधडी १६ किंवा १८. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं दिसतं, ते एकाच जाडीचे दोन आकडे आहेत.

दिवसांवर नाही, शिवणीच्या तासांवर जा. साधारण आठ तास शिवण झालं की बदला. टिपेबरोबर टकटक असा आवाज यायला लागला तर त्याआधीच. आपल्याकडे सुई मोडेपर्यंत वापरायची पद्धत आहे आणि माझ्या मते दुरुस्तीवर जाणाऱ्या पैशाचं ते पहिलं कारण आहे.

तेल कुठलं घालावं? घरी खोबरेल आहे.

खोबरेल डोक्याला लावा. मशीनमध्ये ते थंडीत थिजतं, पुढे चिकट होतं, त्यात कापडाची धूळ बसते आणि मशीन आखडतं. शेंगदाणा, मोहरी, तूप यांचंही तेच. शिलाई मशीनचं पाण्यासारखं पातळ, पांढरं तेल मिळतं, तेच घ्या. प्रत्येक भोकात एक थेंब, शटलच्या कड्याला एक थेंब, मग चाक हाताने फिरवा आणि जुन्या कापडावर चार ओळी टीप मारा, म्हणजे जास्तीचं तेल त्यात उतरेल. पायट्याच्या दांड्याचे सांधेही तेल मागतात, पण तिकडे कोणी वाकत नाही.

प्लास्टिकची, वरून बॉबिन टाकायची मशीनं असतात त्यांच्या बॉबिनच्या भांड्यात तेल घालायचं नसतं. सोबतच्या पुस्तिकेत असेल तेवढंच करा.

आखडलेल्या मशीनला मेकॅनिक रॉकेलने धुतात, ते बरोबर आहे. ते घरी करायचं असेल तर मोटर आणि वायर काढून, गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. धुतल्यावर पुन्हा तेल घालायला विसरू नका, कारण रॉकेलने जुन्या चिकट तेलाबरोबर उरलंसुरलं चांगलं तेलही जातं.

पावसाळ्यात मशीन जड होतं. पायाला गोळे येतात.

आधी दोष वरच्या मशीनमध्ये आहे की खालच्या स्टँडमध्ये, ते शोधा. पट्टा काढा आणि वरचं चाक हाताने फिरवा. ते हलकं फिरलं तर वरचं मशीन ठीक आहे, त्रास पायट्यात आहे. जड फिरलं तर शटलची जागा उघडून पाहा. तिथे तुटलेल्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला असतो, किंवा कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधे कापडाच्या लोळ्याची नमद्यासारखी वडी झालेली असते. जुन्या टूथब्रशने आणि टाचणीने काढा. चाकाच्या मागेही दोरा गुंडाळलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. बॉबिन भरायची चकती चाकाला टेकलेली राहिली असेल तर तेही पाहा.

चामड्याचा पट्टा दमट हवेत ताणतो. पाय मारला की खालचं चाक फिरतं, वरचं जागेवर. त्याची तार काढून अर्धा-पाऊण इंच कापा आणि पुन्हा जोडा. फार घट्ट करू नका, त्यानेही मशीन जड होतं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर मशीन झाकून ठेवलं की काम झालं असं वाटतं. पण बंद झाकणाखाली ओल कोंडते आणि सुईच्या दांड्यावर गंज धरतो. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालवा. शिवायला काही नसेल तर नुसतंच.

चाक फिरतं, सुई हलत नाही. कालच साफ केलं होतं.

साफ करताना चाकाच्या मधला गोल नट काढला असणार. त्याच्या मागे तीन कानांची एक चकती असते. ती उलटी बसली की नट कितीही आवळला तरी पकड येत नाही. काढा, उलटवा, परत बसवा. एवढ्यासाठी घरी यायचे पैसे घेतलेले मी पाहिले आहेत. आणि काही साफ केलं नसेल, नुसती बॉबिन भरून झाली असेल, तर तो नट सैल राहिला आहे. आवळा.

मेकॅनिक रोज “उद्या येतो” म्हणतो. काय करावं?

या प्रश्नावर लोक सगळ्यात जास्त चिडलेले असतात. राग बरोबर आहे, पण त्याची बाजूही पाहा. हे काम शिकणारी नवी मुलं फारशी नाहीत. जो आहे त्याच्याकडे अख्ख्या पेठेतले टेलर, दोन-चार कारखाने आणि वर तुमचं आमचं एकेक मशीन. टेलरचं मशीन बंद पडलं तर त्याचा रोज बुडतो. आपलं बंद पडलं तर पडद्याची दुमड राहते. तो आधी कुठे जाणार हे उघड आहे. तरी “नाही जमणार” असं स्वच्छ सांगायचं सोडून लोकांना दिवसभर घरात बसवून ठेवणं, हे मला माफ करण्यासारखं वाटत नाही.

वेळ साधा. जूनमध्ये शाळेचे गणवेश, दिवाळीच्या आधी कपडे, मग लग्नसराई, या दिवसांत तो मिळत नाही. आषाढात लग्नं नसतात आणि गणवेशाची घाई संपलेली असते. वर्षाची सर्व्हिसिंग तेव्हा करून घ्या.

फोनवर “मशीन बिघडलंय” म्हणू नका. “सुती कापडावर, नवी सुई घालूनही, पाच-सहा टाक्यांनी एक टाका सुटतो” असं सांगा आणि तसा छोटा व्हिडिओ पाठवा. कुठला भाग बरोबर न्यायचा हे त्याला कळतं आणि “पार्ट घेऊन परत येतो” ही दुसरी फेरी वाचते. ती दुसरी फेरीच बहुतेक वेळा कधी होत नाही.

नाहीच आला तर मशीनचं डोकं तुम्ही घेऊन जा. पट्टा काढा, मशीन मागे पाडा, बिजागरीचे दोन स्क्रू सैल करा, की ते लाकडी फळीतून सुटतं. दहा-बारा किलो भरतं. रिक्षात मांडीवर नाही, पायाशी ठेवा आणि खाली जुनी चादर घाला, तेल गळतंच.

दुकानात ठेवलं तर चांगले भाग काढून घेतील ही भीती खरी आहे का?

होतं तसं कधी कधी. अशी दुकानं थोडी, पण अगदीच नाहीत असं म्हणता येणार नाही. देण्याआधी मशीनचे, शटलचे, बॉबिनच्या डबीचे आणि नंबराच्या पट्टीचे फोटो काढा. डबी आणि बॉबिन घरी ठेवता आली तर ठेवा, टेन्शनसाठी हवीच म्हणाला तर द्या. शटलवर आतल्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा. आणि बदललेला जुना भाग परत मागायचा, हे मशीन ठेवतानाच सांगा, घेताना नाही. भाग खरंच झिजलेला असेल तर द्यायला कोणाचं काही जात नाही.

माझी कसोटी एकच आहे. जो मेकॅनिक शेजारी बसू देतो आणि काय करतोय ते दाखवतो, त्याला त्याने मागितलेले पैसे द्या, घासाघीस करू नका. “तुम्ही बाहेर थांबा, तुम्हाला नाही कळणार” म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

कंपनीकडे तक्रार केली. कोणी आलंच नाही आणि “आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे” असा मेसेज आला.

वॉरंटीतल्या मशीनवर हे फार होतं. तंत्रज्ञ फोन करतो, “मॅडम, येतोच आहे, तो ओटीपी सांगा” म्हणतो, आपण सांगतो आणि त्याच्या खात्यात काम पूर्ण झाल्याची नोंद पडते. तो आकडा काम झाल्याची तुमची सही आहे. मशीनवर तुमच्याच कापडाची, तुमच्याच दोऱ्याने टीप मारून पाहिल्याशिवाय देऊ नका.

कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका. खोटे कस्टमर केअर नंबर टाकून पैसे उकळणारे बरेच आहेत. नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा मशीनच्या खोक्यावरून घ्या. नोंदणीसाठी “फक्त दहा रुपये भरा” म्हणून कोणी लिंक पाठवली तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर सायबर तक्रार करा.

पावतीच देत नाहीत. तक्रार कुठे करायची?

बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीतून बोलता येतं. मोठ्या कंपन्या तिथून निरोप गेला की बहुधा हलतात. गल्लीतल्या दुकानावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, हेही खरं.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावाला जायला नको. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, शिलाई मशीन त्यात आरामात बसतं. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. १ जानेवारी २०२५ पासून ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती हे पोर्टल आहे. घरी ब्लाउज शिवून पोट भरणाऱ्या बायकांना “तुम्ही धंदा करता, ग्राहक नाही” असं सांगून वाटेला लावतात. ते चूक आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः मशीन चालवणारी व्यक्ती कायद्याने ग्राहकच आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. त्याचा भर शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांवर आहे. आपल्या काळ्या मशीनला त्याची गरजही नाही. त्याचे भाग लुधियानात आजही बनतात आणि शिलाई साहित्याच्या दुकानांत मिळतात, पुण्यात रविवार पेठेत विचारा.

मग आजीचं काळं मशीन ठेवावं की विकून नवं घ्यावं?

ठेवा. सरळ टीप त्याच्यासारखी नवीन घरगुती मशीन क्वचित देतं. झिगझॅग, काजं, पिको हवं असेल तर दुसरं घ्या, पण हे मोडीत देऊ नका. मोडीत लोखंडाच्या वजनाने जे मिळतं त्यात आठवडाभराची भाजीही येत नाही. त्याला मोटर बसवता येते, गुडघे दुखणाऱ्यांना सोयीचं होतं. पण घरात लहान मूल असेल तर शिवून उठताना प्लग काढायची सवय लावा. पायाचं पॅडल ही मुलांना फार आवडणारी वस्तू आहे.

गोधडीला कुठल्या साड्या घ्याव्या?

सुती, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, पण बोट घातलं तर फाटतील इतक्या जीर्ण नाही. जीर्ण झालेल्या आत घाला. वर आणि खाली जरा दमदार घ्या. खळ असेल तर आधी धुऊन काढा, नाहीतर सुई अडते आणि कसर लागते. लाल, जांभळ्या, गडद हिरव्या साड्या पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळ्या धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असं सांगतात, त्यावर विसंबून पांढऱ्या धोतराशेजारी नवी लाल साडी लावू नका.

सिंथेटिक साड्या लोक आत भरतात, कारण घरात त्याच पडून असतात. टिकतात, पण घाम शोषत नाहीत, थर सरकतात आणि उबेला ती मजा नाही. जुनी पलंगपोसं, पंचे, धोतरं आत उत्तम.

एका नऊवारीत किती बसते?

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. तिचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक साधारण दोन मीटरचा. पन्हा सव्वा मीटरपेक्षा थोडा कमी. दोन तुकडे शेजारी ठेवून मधे दंड (जोडशिवण) घातला की दोन बाय सव्वादोन मीटरचा एक पदर झाला, उरलेल्या दोनांचा दुसरा. म्हणजे दोन माणसांच्या गोधडीची वरची आणि खालची बाजू एकाच लुगड्यात निघते. आत काय भरायचं तो वेगळा हिशोब. काठ फेकू नका. चारी बाजूंना लावले की कडा फाटत नाहीत.

सहावारी मधे दुमडली तर लांबट, एका माणसाची होते.

हाताने शिवू की मशीनवर?

माझं मत विचाराल तर चार पातळ थरांची चौघडी मशीनवर, त्याहून जाड असेल तर हाताने. हाताचा धावदोरा थरांना थोडी मोकळीक देतो, म्हणून गोधडी अंगाला लपेटते. मशीनची घट्ट टीप जाड गोधडीला सतरंजीसारखी ताठ करते. शिवाय जुनं कापड मशीनच्या बारीक टाक्यांच्या रेषेवरच आधी फाटतं.

मशीनवर शिवताना वरचा थर पुढे पळतो आणि शेवटी चुण्या पडतात.

दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरच्याला पाय दाबून धरतो. थर जितके जास्त तितकी ही ओढाताण जास्त. शिवायच्या आधी सगळीकडे वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला, मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने. टीपही मधूनच, एक ओळ उजवीकडे, एक डावीकडे. पायाचा दाब वरच्या नटाने कमी करा. टाका मोठा, चार मिलिमीटरच्या आसपास. सुई १६ किंवा १८. उजवीकडची अर्धी गोधडी सुरळी करून मशीनच्या पोटात घाला आणि बाकीचं वजन शेजारच्या स्टुलावर ठेवा. ते खाली लोंबलं तर सुई वाकवतं आणि मोडतं. दंडावर आलात की पाय थांबवा आणि चाक हाताने फिरवा. वॉकिंग फूट नावाचा पाय मिळतो, तो वरचं कापडही पुढे ढकलतो. मशीनला बसणारा मिळाला तर घ्याच.

हाताची गोधडी सुरू कुठून करायची? आई असती तर तिला विचारलं असतं.

खालचा पदर फरशीवर उलटा अंथरा. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, वरवंटा, पाट, काहीही. आतले तुकडे एकमेकांवर अर्धा वीत चढवत लावा, कुठे दरी राहू देऊ नका. थंडी तिथूनच आत येते. वरचा पदर घाला, हाताने मधून कडेकडे निपटत जा. मग कडा आत दुमडून चारी बाजूंनी टाका. पुढे दोन पद्धती आहेत. एकीत सरळ ओळी घालतात. दुसरीत कडेने आत आत चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत जातात. दुसरी मला आवडते, कारण गोधडी मांडीवर फिरवत बसल्या जागी होते. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवा. आत बारीक चिंध्या असतील तर एक बोट, नाहीतर धुतल्यावर त्यांचे गोळे होतात.

दोरा सुतीच, जाड. हातभर घ्या, त्याहून लांब घेतला तर गुंततो. गाठ दोन थरांच्या मधे ओढून लपवा. मधल्या बोटात धातूची टोपी घाला. ती पहिल्या दिवशी अडचणीची वाटते, पण जाड थरांतून सुई रेटायला दुसरा चांगला उपाय नाही.

पश्चिम महाराष्ट्रात हिला वाकळ म्हणतात, खाली उत्तर कर्नाटकात कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. ही फुलं आपल्या गोधडीलाही छान दिसतात.

बाळासाठी शिवायची आहे. वेगळं काय करावं?

पातळ ठेवा. आजोबांचं धोतर, मऊ सुती साडी, दोन-तीन थर पुरे. टिकल्या, मोती, जर, लेस काही नको. टाके जवळ आणि घट्ट घाला. सुटलेल्या दोऱ्याची फेर बाळाच्या बोटाभोवती आवळली जाते आणि ती लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. बाळ झोपलं असताना गोधडी तोंडाजवळ येणार नाही असं पाहा. आणि ज्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या आहेत तिथली कापडं बाळाला थेट घेऊ नका. त्यांची वाफ काही तान्ह्या बाळांच्या रक्ताला घातक ठरते. साठवणीला कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

गोधडी शिवायला बाहेर दिली होती. परत आली ती आमच्या साड्यांचीच का, अशी शंका आहे.

शंका येऊ नये म्हणून देतानाच साड्या मोजून, फोटो काढून द्या आणि वजनही करा. आत काय घालणार, ओळींचं अंतर किती, दोरा सुती की पॉलिस्टर, कधी देणार, हे चार मुद्दे पावतीच्या मागे लिहून घ्या. स्वस्तात करून देणारे बहुधा ओळींचं अंतर वाढवतात. आई-आजीची आठवण म्हणून द्यायची असेल तर तिची साडी वरच्या पदरालाच लावायला सांगा. आत गेली की कोण पाहणार?

धुवायची कशी?

चैत्र-वैशाखात, कडक उन्हात. भिजली की दुपटीहून जड होते, म्हणून लहान वॉशिंग मशीनमध्ये कोंबू नका. त्याचा मेकॅनिक तर आणखी उशिरा येतो. बादलीत पावडरच्या पाण्यात भिजवून पायाने तुडवा. पिळू नका, टाके तुटतात. एका दोरीवर टाकलीत तर मधे झोळ पडतो. दोन दोऱ्यांवर पसरा आणि दुपारी उलटा.

पॅन्टची चेन लागते पण मागून उघडते. टेलर म्हणतो नवी लागेल.

धावणारा तुकडा सैल झाला आहे. तो पार खाली घ्या, पकडीने दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा आणि लावून पाहा. दात तुटले असतील तरच नवी. अडकत चालत असेल तर मेणबत्ती घासा.

ब्लाउज अल्टरला दिला की महिना जातो. घरी उसवून सैल करता येईल?

आत शिवणीला मार्जिन आहे का ते पाहा. असेल तर काखेखालच्या दोन शिवणींच्या बाहेरून नवी टीप घालणं घरच्या मशीनवर सोपं आहे. जुनी टीप नवी टीप घालून झाल्यावरच उसवा, म्हणजे माप हातातून जात नाही. मार्जिन कापून टाकलेलं असेल तर काखेत पट्टी लावण्याशिवाय उपाय नाही. पुढच्या वेळी शिवायला टाकतानाच “एक इंच मार्जिन ठेवा” म्हणून बजावा.

कात्रीला धार कोणाकडून लावून घ्यावी? दारावर येणाऱ्याला दिली तर बिघडेल का?

त्याच्या हातावर आहे. कात्रीच्या पात्याला बाहेरच्या बाजूने उतार असतो, फक्त त्याच उताराला धार लावायची. आतली बाजू, जिथे दोन पाती एकमेकांवरून सरकतात, ती चाकाला टेकवू द्यायची नाही. ती घासली की पात्यांमध्ये फट राहते आणि कापड कापलं न जाता मधे दुमडतं. देताना हे सांगा आणि समोर उभे राहा. धार झाली की पैसे द्यायच्या आधी मलमलचा तुकडा टोकापासून कापून पाहा. जाड कापड बोथट कात्रीही कापते.